कोकण किनाऱ्यावरच्या नवलाच्या गोष्टी: कला, विज्ञान, खेळ, काहीही चालेल

खाडीकाठ

"अलिबागसे आया है क्या?" मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलंय. अलिबागकरांना ते इतकं लागलं की त्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. त्या वादात मला शिरायचं नाही. मला एवढंच सांगायचंय, की ज्या गावाचं नाव घेऊन समोरच्याला अडाणी ठरवतात, त्याच गावात १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू आहे आणि तिथले आकडे जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

ही मोजणी आधी कुलाब्याला, म्हणजे मुंबईच्या कुलाब्याला व्हायची. तिथे १८४१ पासूनच्या नोंदी आहेत. पुढे मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून जमिनीत पाझरतो आणि वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसूच्या त्याने हलतात. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. नवी जागा ट्रामपासून लांब हवी, पण इतकी लांब नको की जुन्या नोंदींशी सांधा जुळणार नाही. अलिबाग समुद्रापलीकडे साधारण तीस किलोमीटरवर. तिथे इमारत बांधली ती लोखंडाशिवाय: पोरबंदरचा दगड, आणि जोडकामाला तांबं-पितळ.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळेल आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येईल. मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. तोवर इकडचं काम पुरं झालं होतं. त्यामुळे आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांची सलग नोंद आपल्याकडे आहे. जगात अशा जागा फार थोड्या.

त्या जुन्या नोंदींचं मोल एका उदाहरणाने सांगतो. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरून आलेलं एक वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. तिकडच्या वेधशाळांत कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं होती, पण वादळ इतकं मोठं की प्रकाशाची खूण कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती, आणि गडबड दिसल्यावर त्यांनी थोड्या थोड्या मिनिटांनी वाचन सुरू केलं. त्या वहीत क्षैतिज चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याची नोंद आहे. एरवीचं वादळ शे-दोनशेचं असलं तरी ते मोठं म्हणतात. असं वादळ आज आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल हे ठरवताना आजही मुंबईची ती वही उघडावी लागते.

अशा गोष्टी कोकणात जागोजागी आहेत. आपापल्या भागातल्या लिहा. एकच विनंती आहे, नुसतं 'आमच्याकडे अमुक आहे' एवढ्यावर थांबू नका. ते कसं घडलं आणि कशावरून कळलं, तेही लिहा.

बोरलीकर

छान धागा. चौल-रेवदंड्याची एक गोष्ट सांगतो. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता. सोबत विकायला आणलेला एक घोडा. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका ओळखीच्या खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून सुटला, आणि घोडाही मिळाला. त्याने हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. काशीदला जाणारे लोक जवळून निघून जातात, थांबत कुणी नाही.

सुरंगी

विजयदुर्ग अजून कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं! हेलियम वायूचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावर दुर्बिणी लावल्या. ते दगडी कट्टे अजून आहेत, 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. मी शाळेत शिकवते, आम्हीही मुलांचा कार्यक्रम घेतो.

व्याध

सुरंगीताई, विजयदुर्गाचा आणि लॉकियरचा संबंध अगदी खरा आहे, पण तो त्या दिवसाचा नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण खरी हकिगत ऐकीव गोष्टीपेक्षा मोठी आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतातून दिसलं आणि ते फार लांबलचक होतं. जिथे सर्वांत जास्त वेळ दिसलं तिथे जवळजवळ पावणेसात मिनिटं सूर्य पूर्ण झाकलेला होता. फ्रान्सचा झान्सेन आंध्रात गुंटूरला बसला होता. मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या शेजारी जमखंडीला होता. सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात त्यांचा उजेड लोलकातून फाकवून पाहायचा, हे सगळ्यांचं काम. सगळ्यांना चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हे कळलं. त्यात एक पिवळी रेषा होती. पिवळी म्हटल्यावर कुणालाही सोडियम आठवेल, कारण सोडियमच्या दोन रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतात. ही होती ५८७.६ वर. फरक एवढाच, पण चांगल्या उपकरणात तो स्पष्ट दिसतो.

झान्सेनला त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पकडता येतील असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते करून दाखवलं. इकडे नॉर्मन लॉकियर त्या सबंध काळात इंग्लंडमध्ये होता. तो पेशाने युद्धखात्यातला कारकून, आणि फावल्या वेळात सूर्य पाहणारा. ग्रहणाशिवाय ज्वालांचे वर्णपट घ्यायची कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. उपकरण तयार होऊन हाती येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ते लंडनमध्ये साधलं. झान्सेनचं आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं. फ्रान्स सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

त्या पिवळ्या रेषेचा पिच्छा मात्र लॉकियरनेच पुरवला. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्याबरोबर प्रयोगशाळेत बरेच वायू तपासले, ती रेषा कशातच मिळेना. तेव्हा हे सूर्यावरचं वेगळंच मूलद्रव्य असणार असं त्याने मांडलं. त्यावर पंचवीसहून जास्त वर्षं वाद चालला. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांनी युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासला आणि त्यात नेमकी तीच रेषा दिसली. हेलियम पृथ्वीवर सापडला तो असा.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ ला आणखी एक खग्रास ग्रहण झालं, त्याचा पट्टा कोकणातून गेला आणि त्या वेळी लॉकियर स्वतः विजयदुर्गाला आला. इंग्रजी आरमाराची 'मेलपोमेनी' ही युद्धनौका मदतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांना शिकवून त्यांच्याकडून वेध घेववले. लोलक बसवलेले कॅमेरे लावून वर्णपटाचे फोटो काढले. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपासची, तेवढ्यात सगळं उरकायचं. म्हणजे ज्याने सूर्यातल्या मूलद्रव्याचं भाकीत केलं तो माणूस, भाकीत खरं ठरल्यावर तीन वर्षांनी, आपल्या किल्ल्यावरून परत सूर्याकडे बघत होता. ही गोष्ट कमी महत्त्वाची आहे का?

मोरपंखी

व्याध, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

सुरंगी

वाचून हललेच. एक विचारते. लॉकियर नसेल, पण १८६८ मध्ये विजयदुर्गावर दुसरं कुणी वेध घेतले असतील ना? कट्टे तर डोळ्यांसमोर आहेत.

व्याध

ताई, एक साधी गोष्ट बघा. १८ ऑगस्ट म्हणजे कोकणात भर पावसाळा. किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्यात, वरून पश्चिमेचा वारा. लांबून अवजड उपकरणं घेऊन येणारा माणूस त्या महिन्यात आपला किनारा निवडणार नाही, घाटापलीकडे पूर्वेला जाईल, आणि वर दिलेल्या सगळ्या नावांनी तेच केलं. जानेवारीत मात्र आपल्याकडचं आकाश लख्ख असतं. पक्के कट्टे, जहाजातून उतरवलेली सामग्री, मदतीला खलाशी, हे सगळं १८९८ शी जुळतं. कट्टे त्याच मोहिमेचे असावेत असं माझं मत आहे.

वाघोटणकाठी

मी थयलोच. गावातली पोरां त्या कट्ट्यार बसान गजाली करतत, सूर्य बुडताना फोटो काढतत. साहेब इल्लो व्हतो ह्या जुनी माणसां सांगत, पण साल कोणाक म्हायत नाय. २२ जानेवारी म्हणालास ता बरा केलंस. १८ ऑगस्टाक किल्ल्यार जावचा म्हणजे छत्री उलटी व्हता आणि दगडार शेवाळ. जानेवारीत पोरांका घेवन जावक मिळात.

खाडीकाठ

हे मला फार पटलं. हेलियम दिन बंद करा असं कुणी म्हणू नये. १८ ऑगस्ट ही त्या शोधाचीच तारीख आहे आणि ती आठवणं चांगलंच. पण फलकावर आणि भाषणात 'इथे शोध लागला' म्हणायचं सोडून 'हेलियमचा शोधकर्ता इथे आला होता' असं सांगितलं तर ते शंभर टक्के खरं ठरेल, आणि बाहेरचा जाणकार पाहुणाही मान डोलावेल. सुरंगीताई, तुम्ही शाळेत २२ जानेवारीला लोलक आणि आरसा घेऊन वर्णपटाचा प्रयोग ठेवा. त्या दिवसांत ऊन हमखास असतं.

सुरंगी

ठेवणार. मिठाचं पाणी स्पिरिटच्या ज्योतीवर शिंपडून सोडियमचा पिवळा रंगही दाखवता येईल. ज्या पिवळ्याशी ही रेषा जुळत नव्हती तो पिवळा मुलांना आधी डोळ्यांनी दिसू दे, मग पुढची गोष्ट सांगायची.

रंगारी

विज्ञानाचं बरंच झालं, आता कलेकडे वळतो. सावंतवाडीची गंजिफा.

पत्ते गोल असतात हे बहुतेकांना माहीत असतं. राजवाड्यात चित्रकार पत्ते रंगवत बसलेले पर्यटकांनी पाहिलेले असतात. राजमाता सत्त्वशीलादेवी आणि शिवरामराजे भोसले यांनी ही कला मरायच्या वाटेवरून मागे आणली, हेही लोकांना ठाऊक असतं. पण खेळायचं कसं हे विचारलं की सगळे गप्प होतात. घरोघरी शोकेसमध्ये मांडलेले पत्ते पाहून मला वाईट वाटतं. ही शोभेची वस्तू नाही, डोकं लावायचा खेळ आहे.

दशावतारी गंजिफेत १२० पत्ते. दहा रंग, एकेका अवताराचा एक: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात बारा पाने. एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मुघली गंजिफेत आठच रंग, म्हणून ९६ पाने.

गंमत इथून पुढे आहे. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत सगळ्या रंगांची चढण सारखी असते. गंजिफेत निम्म्या रंगांची चढण उलटी. मत्स्य ते वामन या पाच रंगांत राजा, प्रधान, मग दहा, नऊ असं उतरत एक्का सर्वांत हलका. परशुराम ते कल्की या पाचांत राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री असं उतरत दश्शी सर्वांत हलकी. म्हणजे हातात वराहाची दश्शी आली तर ती भारी, कृष्णाची आली तर टाकाऊ. तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नाही. कुठलं पान पडलं आणि कुठलं राहिलं, हे दहा रंगांत आणि दोन उलटसुलट चढणींत लक्षात ठेवायचं. ब्रिज खेळणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

आणि सुरुवात कुणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हातात रामाचा राजा त्याने. रात्री असेल तर कृष्णाचा राजा. राम सूर्यवंशी, जन्म भर दुपारी. कृष्णाचा जन्म मध्यरात्री. नियम पाठ करावाच लागत नाही.

जुने पत्ते कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवून करत, वर खडूचा लेप, मग रंग, शेवटी लाखेचा हात. म्हणून ते ओल्या हवेतही टिकले.

वाघोटणकाठी

दशावतार म्हटला म्हणजे आमचो नाटकवालो दशावतार पण लिवक व्हयो. लिखित संहिता नसता. कथा ठरलेली, संवाद जाग्यार सुचतत ते. पायपेटी, मृदंग, झांज. रातभर राजा झालेलो माणूस फाटफटी सामानाचो पेटारो डोक्यार घेवन फुडच्या गावाक चालाक लागता. म्हणान म्हणतत, रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजो.

मोरपंखी

गुहागरच्या कासवाचं लिहिते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या वल्ह्याला धातूची खूणपट्टी लावली होती, क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवं आपापल्या किनाऱ्याशी बांधलेली असतात असा समज होता, त्याला या एका मादीने धक्का दिला. उलट दिशेचंही उदाहरण आहे. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह-यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

आणखी एक. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्यात ठरलेलं नसतं. वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू गार असेल तर नर, जास्त तापली तर माद्या. त्यामुळे वेळास, आंजर्ले, गुहागरला कासवमित्र घरटी हॅचरीत हलवतात तेव्हा सावली किती, खड्डा किती खोल, याला फार महत्त्व आहे. उन्हाळे असेच वाढत गेले तर पुढे नर कमी पडतील ही भीती खरी आहे, आणि मला तिच्याविषयी कुणी पुरेसं बोलतंय असं वाटत नाही. कासव महोत्सवाला जाणाऱ्यांनी पिल्लांच्या फोटोबरोबर हा प्रश्नही तिथल्या कासवमित्रांना विचारावा.

राजापूरवाला

मूळ धाग्यातल्या चुंबकाला जोडून. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक मनुष्याकृती कातळात कोरलेली आहे. तिच्यावर होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडे वळतो. चार पावलं लांब गेलं की परत ठिकाणावर. बारसू, कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, कुडोपी अशा ठिकाणांबरोबर ही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरच्या आसपास लांब आहे. पोटात इतर प्राण्यांची चित्रं. सड्यावर उभं राहून तो सबंध नजरेत मावत नाही.

बोरलीकर

होकायंत्राचं कारण काय असेल?

खाडीकाठ

जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यातली काही लोहखनिजं चुंबकीय असतात, पण ती सड्यावर सगळीकडे आहेत, मग एकाच जागी काटा का वळावा? उघड्या कातळावर वीज पडली तर तिच्या प्रचंड प्रवाहाने तेवढाच भाग कायमचा चुंबकित होतो, हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. गोठण्यालाही तसंच झालं असेल का, हे मोजून ठरवता येण्यासारखं आहे. वीज आधी आणि कोरीवकाम नंतर, की उलट, हा प्रश्न मात्र मला रात्री जागं ठेवतो. काटा वळतो हे कोरणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. वीज पडलेली मात्र त्याने पाहिली असू शकते.

राजापूरवाला

हा विचार मी केलाच नव्हता. जाणाऱ्यांना एक विनंती, चित्रांवर चालू नका, खडूने रेषा गिरवू नका. फोटोत ठळक यावं म्हणून लोक गिरवतात आणि कडा झिजतात. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात गेलात तर सावलीनेच रेषा उठून दिसतात.

सुरंगी

व्याधदादा, शेवटचं एक. मुलं विचारणारच, म्हणून आधीच विचारून ठेवते. आपल्याला खग्रास ग्रहण परत कधी दिसेल?

व्याध

२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे. कोकणातून ते संध्याकाळकडे थोडंसं खंडग्रास, पण ऑगस्ट असल्याने ढगांवर भरवसा ठेवू नका. त्यानंतर २० मार्च २०३४. त्या दिवशी खग्रास पट्टा काश्मीर-लडाखवरून जातो. विजयदुर्गावरून खंडग्रास दिसेल, आणि मार्चमध्ये आकाश मोकळं असतं. आज पाचवीत असलेली मुलं तेव्हा कॉलेजात असतील, त्यांना लडाखला जायला सांगा. गावात राहणाऱ्यांनी ग्रहणाचे चष्मे घेऊन कट्ट्यावर जमावं, उघड्या डोळ्यांनी अजिबात पाहू नये.